मागून कोण बघतंय?

बसा असे जवळ. घाई असेल तर तिलाही बसवा शेजारी. पडदेमामानं सख्ख्या बहिणीची बैठकीची खोली कशी सजवली, हे अर्धवट ऐकून उठलात तर जेवण जाणार नाही तुम्हाला.

पडदेमामा म्हणजे नाटक कंपनीत तीस वर्षं सेट उभारणारा माणूस. राजवाडा म्हणा, कोर्ट म्हणा, दुपारी सांगा, संध्याकाळी उभं. त्याची थोरली बहीण, आक्का, दोन गल्ल्या सोडून एकटी राहते. दाजी गेल्यापासून तिचं एकच पालुपद.

"या खोलीत नुसतं भिंतीकडे बघत बसायचं. जीव गुदमरतो रे. पोरगा बोलावतोय, जाते त्याच्याकडे कायमची."

'कायमची' ऐकलं की मामा हातातला चहा तसाच ठेवून उठायचा. आक्काशी भांडल्याशिवाय त्याचा दिवस उजाडत नाही. ती गेल्यावर भांडायचं कुणाशी?

तर आक्का आठ दिवस लेकाकडे गेली. किल्ली मामाच्या हातात ठेवून म्हणाली, "रविवारी त्याला घेऊनच येते. सामान बांधायचं आणि निघायचं."

मामा तसाच पळत सुटला तो लाईटवाल्याकडे. हा कंपनीत दिवे सांभाळणारा, मामाचा जिवलग.

"खोली पालटायची! आक्कानं बघताक्षणी म्हटलं पाहिजे, मी कुठ्ठं जात नाही!"

"खर्च?"

"खिशात आहे तेवढ्यात."

लाईटवाल्यानं मामाचा खिसा बाहेरूनच चाचपला. "म्हणजे रंगाचे दोन डबे."

"आणि कंपनीचं गोदाम?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि असे हसले, जशी काय लॉटरी लागली. मालक जुने सेट मोडीत काढणारच होता. म्हणाला, न्या, जागा तरी होईल. हातगाडीच्या तीन फेऱ्या झाल्या. एका नाटकातला सोफा आला, दुसऱ्यातला उंच दिवा आला, आणि वकिलाच्या घराची अख्खी भिंत आली. नाटकातली भिंत म्हणजे काय, तर लाकडी चौकट, तिच्यावर ताणलेलं कापड, कापडावर रंगवलेलं पुस्तकांचं कपाट. पुस्तकं अशी की हात आपोआप पुढे जावा. मागे एक टेकू लावला की भिंत उभी.

आक्काच्या खोलीला रस्त्याच्या अंगाला ही मोठी गजांची खिडकी. पण दाजींनी कधीकाळी ती झाकून लोखंडी कपाट ठोकून बसवलेलं.

"आधी हे धूड हलव," मामा म्हणाला.

"का?"

"समोरची बाजू मोकळी नको?"

कपाट गेलं स्वयंपाकघरात. मग मामा रस्त्यावर जाऊन उभा राहिला, एक डोळा मिटला आणि गजांतून ओरडायला लागला. "सोफा डावीकडे! अजून! दिवा मागे घे! भिंत थोडी पुढे!" आठ दिवस हेच. सोफ्याचं तोंड रस्त्याकडे, खुर्च्यांचं रस्त्याकडे, भिंतीवरच्या पुस्तकांचं रस्त्याकडे. त्यांच्या मागे, दीड हात जागा सोडून, ओल आलेली जुनी भिंत झाकलेली. सोफ्यालाही कापड पुढूनच, पाठीला उघड्या फळ्या.

लाईटवाला एकदा म्हणाला, "मागे खिळे दिसतायत हं."

"मागून कोण बघतंय?" मामा म्हणाला.

रविवारी संध्याकाळी मामा रस्त्यावर खिडकीपुढे उभा, अंगात नवा सदरा. आत लाईटवाला बटणापाशी. इतक्या वर्षांत त्या खिडकीत पहिल्यांदा उजेड दिसला म्हणून चार माणसं थांबली. समोरचा शिंपी आला, एक भाजीची पिशवीवाली बाई आली.

"शूटिंग आहे का हो?" शिंप्यानं विचारलं.

"छे! आक्काची बैठक आहे. बघत राहा नुसतं!"

तेवढ्यात आतून आवाज आला. "अगं बाई! घर कुठं गेलं?"

"आई, चुकीच्या दारात आलो आपण."

"चाळीस वर्षं याच दारातून येतेय मी!"

मामाचा चेहरा पांढराफटक. घराचं दार मागच्या बोळात, त्या ओल आलेल्या भिंतीतच. आणि बोळातून आत आलं की समोर काय? वकिलाच्या भिंतीची पाठ. उघड्या काठ्या, वाकलेले खिळे, आणि खडूनं लिहिलेलं, 'अंक तिसरा. हात लावू नये.'

"मेलो!" मामा गजाला लटकला. "ती मागून आली रे!"

"मग कुठून येणार होती? खिडकीतून?" आतून लाईटवाला.

"तुला आधी नाही सुचलं?"

"मी पण आठ दिवस तिथूनच आत-बाहेर करतोय! तू पण!"

खरंच होतं. दोघं जन्मभर सेटच्या मागूनच आत शिरलेले. त्यांना त्यात खटकणार काय?

आता भाचा अंगानं भरलेला. तो आडवा होऊन त्या दीड हातात घुसला, बॅगेसकट. "मामा! अडकलो!"

"हलू नको! पायाशी टेकू आहे!"

"कुठला टेकू? हा?"

रस्त्यावरच्या लोकांना काय दिसलं, तर वकिलाच्या पुस्तकांतून मनगटी घड्याळ घातलेला एक हात बाहेर आला. "अय्या, हात!" पिशवीवाली किंचाळली. मग भिंत डुलली आणि निवांत, चादर अंथरावी तशी, सोफ्यावर येऊन पडली. भाचा तिच्यावर पालथा. धुळीचा लोट. लाईटवाल्यानं सवयीनं काय करावं? सगळे दिवे एकदम पेटवले!

आणि त्या उजेडात, हातात पिशवी घेऊन, मधोमध आक्का.

रस्त्यावर टाळ्यांचा कडकडाट.

मामानं डोळे मिटून घेतले. संपलं. आता ही उद्याच जाणार.

आक्का मात्र खिडकीकडे बघत राहिली. "एवढी माणसं रोज जातात इथून?"

"रोजच," शिंपी म्हणाला. "तुम्ही राहता इथं? मला वाटायचं गोदाम आहे."

"गोदाम? अहो, मी शिवते घरी. तुमच्या मशिनचा आवाज ऐकते रोज, पट्टा सैल झालाय तुमचा." आक्कानं लेकाला सोफ्यावरून ढकललं आणि बसली. "आणि तू गं, ही भाजी कुठून घेतलीस? पिवळी पडलीय. फसवलं तुला."

अर्धा तास झाला. भाच्यानं केसांतली धूळ झटकली. "आई, बांधाबांध करायची ना?"

"गप रे. बोलतेय ना मी? ती भिंत उचल आधी आणि बाहेर टाक."

मामानं गजांतून हळूच विचारलं, "आक्का, मग... जाणार नाहीस ना?"

"तू आत ये आधी. दारातून ये, माणसासारखा. तुझ्याकडे बघतेच मी!"

शिव्या खायला माणूस इतक्या आनंदानं धावलेला त्या बोळानं कधी बघितला नसेल.

आता संध्याकाळ झाली की आक्का त्या खिडकीत बसलेली असते. लेक फोन करतो, तर म्हणते, नंतर कर, माणसं आलीत. तुमचा रस्ता तिकडूनच ना? मग उद्या जाताना थांबा दोन मिनिटं, 'काय आक्का' म्हणा, पाहिजे तर भांडा. फक्त टाळ्या वाजवू नका एवढं माझं ऐका. टाळी पडली की ती उठतच नाही हो, आणि आत गॅसवर दूध उतू जातं.