कायद्याला न दिसलेली बायको

सिंगापूरच्या टॅम्पिनीस भागातल्या आमच्या ब्लॉकमध्ये लिफ्टजवळ नवी सूचना लागली, की रेगेकाका चष्मा पुसून ती वाचतात आणि शेजारी उभ्या माणसाला विचारतात, "हा नियम मुळात कुणाच्या सोयीचा?" शेजारी चिनी आजी असली तरी मराठीतच. आजी मान डोलावते. माझा मुलगा इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणतो, "काका, जस्ट फॉलो, लाह."

काकांचा जन्म केनियाचा, नोकरीही तिथलीच. तळ्याकाठच्या किसुमू शहरात ते सरकारी पेन्शन कचेरीत कारकून होते. काकू गेल्यावर लेकीकडे सिंगापूरला आले. लेक-जावई कामापायी सतत विमानात.

"इंग्रज गेला, त्याच्या फायली बसून राहिल्या," हे काकांचं पालुपद. "पेन्शन काढली गोऱ्या साहेबांसाठी. बायको कोण? जिच्याकडे चर्चचा नाहीतर कोर्टाचा दाखला, ती. आम्ही झेंडा बदलला, बायको तीच ठेवली." आम्ही हो हो म्हणून विषय बदलत असू.

एका रविवारी काकांचे गुडघे धरले होते, म्हणून त्यांच्या पाहुणीला आणायला मी एमआरटी स्टेशनवर गेलो. अकिन्यी नावाची केनियन वकील, शहरातल्या तांजोंग पगारला परिषदेसाठी आलेली. काकांनी कधी न सांगितलेलं तिने मला वाटेत सांगितलं.

ती लहान असताना तिचे वडील वारले. रेल्वेत फिटर होते. आई तळ्याकाठी मासे विकायची. लग्न गुरं देऊन, गावच्या रीतीने झालेलं. आई त्यांच्या पेन्शनसाठी गेली, तर काकांची कचेरी म्हणाली, दाखला नाही, म्हणजे बायको नाही.

"कागद नाही तर माणसं आणतो," म्हणून रेगे नावाचा कारकून बसने तिच्या गावी गेला. गावचे म्हातारे आणि सगळा मासळीबाजार टोपल्यांसकट त्याने कचेरीत आणून बसवला. साहेबाने नाकाला रुमाल लावला. रेग्यांनी अदबीने विचारलं, "सर, आधी खिडकी उघडू की फाईल?"

संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या साक्षी लिहून झाल्या. पेन्शन मंजूर झाली आणि काकांची बदली तळघरातल्या जुन्या दप्तरखान्यात, ती निवृत्तीपर्यंत. पण त्यानंतर तिथल्या विधवा अशाच साक्षीदार घेऊन यायला लागल्या, आणि कचेरीला त्यांना परत पाठवता येईना.

आमच्याकडे विरजण मागायला येणारा हा माणूस, आणि मी त्याचं बोलणं तोडत आलो होतो.

घरी काकांनी तिला स्वाहिलीत काही विचारलं. मला फक्त "मामा", म्हणजे आई, एवढंच कळलं. तिने मान हलवली. आई गेली होती. काकांनी तिचा हात हातात घेतला. मग इंग्रजीत म्हणाले, "शेवटी जवळ कोण होतं?"

"सगळा बाजार," ती म्हणाली. "त्या दिवशी कुणी मासे विकले नाहीत."

काकांनी समाधानाने मान डोलावली.

तिला टॅक्सीत बसवून आम्ही खालच्या बाकावर टेकलो. काका म्हणाले, "या ब्लॉकमध्ये मला नावाने ओळखणारे कितीजण असतील रे?"

मी म्हटलं, "काका, उद्या जेवायला आमच्याकडे या."

त्यांनी विचारलं, "फक्त उद्या?"