लांबून उठून दिसणारा रंग

रंगाच्या बाबतीत शेडकाकांना कोणी शिकवायला जाऊ नये. एकेचाळीस वर्षं त्यांनी रंगाच्या दुकानात काउंटरमागे काढली होती. गिऱ्हाईक यायचं, म्हणायचं, "साधा क्रीम द्या," आणि काका शांतपणे शेडकार्ड उघडून सतरा प्रकारचे क्रीम त्याच्या पुढ्यात मांडायचे. अर्ध्या तासाने ते गिऱ्हाईक, आपण घर बांधलंच कशाला, अशा चेहऱ्याने बाहेर पडायचं, पण रंग मात्र बरोबर घेऊन. काकांचं खरं नाव दुकानाच्या मालकालाही पगाराच्या दिवशीच आठवायचं. शेडकाका म्हणून ते रिटायर झाले आणि शेडकाका म्हणूनच तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होते.

राहत होते ते एकटेच. काकू जाऊन दीड वर्ष झालं होतं. मुलगा लांबच्या शहरात, फोन करायचा तो रविवारी. एरवी घरात बोलायला कोणी नाही, त्यामुळे काका वॉशिंग मशीनशी बोलत. ते थरथरायला लागलं की त्यावर हात ठेवून म्हणत, "हळू, हळू. कुठे जायची घाई आहे तुला?" काही काही दिवस त्यांचं दिवसभरातलं एवढंच बोलणं असे.

मुलाच्या हे लक्षात आलं असावं. त्याने ड्रोन पाठवला. ताटाएवढा, चार हातांचा, चार पंख्यांचा, राखाडी.

"बाबा, घराबाहेर पडा. मागच्या मैदानावर जा, उडवा. चार माणसं ओळखीची होतील."

काका मैदानावर गेले. चार माणसं काही ओळखीची झाली नाहीत. मैदानावर जे होते ते पळत होते, आणि पळणाऱ्या माणसाशी ओळख करून घ्यायची तर आपल्यालाही पळावं लागतं. शिवाय ड्रोन जरा वर गेला की त्या राखाडी ढगांत दिसेनासाच व्हायचा. तिसऱ्या दिवशी तर काका पाच मिनिटं रिमोट दाबून एका घारीला खाली उतरवत होते. घार ऐकेना. ड्रोन बिचारा केव्हाचा कुंपणापाशी येऊन बसला होता.

"त्याला स्किन मिळतात बाबा," मुलगा फोनवर हसून म्हणाला. "त्याच्या मापाचे रंगीत स्टिकर. चिकटवले की लांबून उठून दिसतो. पाच रंगांचा संच पाठवतो, तुम्ही निवडा. तुमचाच तर विषय आहे."

"पाच मिनिटांचं काम," काका म्हणाले.

आणि खरोखर पाचच मिनिटं लागली. नारिंगी, पिवळा, पोपटी, गुलाबी, पांढरा. पाकीट फोडल्या फोडल्या काकांनी मनात नारिंगीवर बोट ठेवलं. पण शेड घरात बघायची नसते, उजेडात बघायची असते, हा दुकानातला नियम. म्हणून त्यांनी पाचही स्किन जिन्याच्या खिडकीशेजारच्या भिंतीवर लावल्या आणि दहा पावलं मागे जाऊन उभे राहिले.

तेवढ्यात चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या सिस्टर, हॉस्पिटलमधली रात्रपाळी करून, जिना चढत होत्या. दीड वर्षांत दोघांचं बोलणं झालं होतं ते "लिफ्ट बंद आहे का?" आणि "हो" एवढंच. त्या थांबल्या.

"काय हो काका, हे काय?"

"ड्रोनला रंग निवडतोय. तुम्हाला कुठला बरा वाटतो?"

सिस्टरनी पिशवी खाली ठेवली. त्या रात्रभर उभ्या होत्या, तरी आणखी दहा मिनिटं उभ्या राहिल्या. "गुलाबी घ्या," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे सगळं पांढरं हो. भिंती पांढऱ्या, चादरी पांढऱ्या, बऱ्याचदा पेशंटही पांढरा. मला तर गुलाबी बघूनच बरं वाटलं."

त्या वर गेल्या आणि काका भिंतीपाशी तसेच उभे राहिले. नारिंगी ठरला होता, पण ठरला असं सांगितलं की विषय संपणार. विषय संपला की उरणार वॉशिंग मशीन. काकांनी पाचही स्किन अलगद काढल्या, पाकिटात घातल्या आणि बूट चढवून खाली उतरले.

खाली चष्मेवाल्यांचं दुकान. त्यांनी स्किन दिव्याखाली धरल्या, भिंग लावलं आणि निकाल दिला. "पोपटी. डोळ्याला सगळ्यात आधी दिसतो तो हाच. हे माझं मत नाही काका, हे शास्त्र आहे."

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाई तिथे चष्म्याची काडी घट्ट करून घ्यायला आल्या होत्या. "शास्त्र राहू दे," त्या म्हणाल्या. "सत्तावीस वर्षं मी शिकाऊ लोकांच्या शेजारी बसतेय. समोरच्या माणसाला काय दिसतं आणि काय दिसत नाही हे मला विचारा. पिवळा."

सेक्रेटरी पाण्याच्या मोटरचं बटण बंद करायला आले होते, त्यांनाही विचारलं. "पांढरा," सेक्रेटरी म्हणाले. "सोसायटीला शोभेल असा."

"तो ढगात दिसणार कसा?"

"ढग आले तर उडवू नका."

दुसऱ्या दिवशी पोपटीवाले आणि पिवळेवाले अशा दोन पार्ट्या झाल्या होत्या. तिसऱ्या दिवशी सिस्टरनी तळमजल्यावरच्या तीन बायकांना गुलाबीकडे वळवलं. बाई रोज संध्याकाळी काकांच्या दारावर टकटक करून, "पाघळला नाहीत ना?" असं विचारून जायच्या. चष्मेवाल्यांनी डोळ्याचं चित्र आणून दाखवलं. काका प्रत्येकाला म्हणायचे, "तुमचं म्हणणंही पटतंय." दुकानात एकेचाळीस वर्षं त्यांनी गिऱ्हाइकाला निर्णयाला आणलं होतं, आता पहिल्यांदाच ते स्वतः गिऱ्हाईक झाले होते आणि त्यांना त्यात फार मजा येत होती.

शेवटी सेक्रेटरींनी नोटीस लावली, बैठक घेतली. बैठकीला कधी नव्हे तो कोरम भरला. दीड तास भांडण होऊन, कुठल्याही बैठकीत निघतो तसाच तोडगा निघाला. ड्रोनला चार हात आहेत, तर एक हात पिवळा, एक पोपटी, एक गुलाबी. मधला भाग पांढरा, कारण सेक्रेटरींनी तो सोडायला साफ नकार दिला. चौथा हात नारिंगी, कारण नारिंगी कोणी मागितलाच नव्हता आणि तो उरला होता. काकांनी तोच हात सगळ्यात आधी चिकटवला.

रविवारी सकाळी मैदानावर बावीस माणसं जमली. गवतावर तो ड्रोन असा उठून दिसत होता की मैदानाच्या पलीकडूनही चुकला नसता. सेक्रेटरींनी हात वर केला. काकांनी रिमोट दाबला. ड्रोन वर गेला, आणखी वर गेला, आणि बावीस माना मागे झुकल्या.

"काका," बऱ्याच वेळाने चष्मेवाले म्हणाले, "काळा दिसतोय."

"पिवळा हात कुठला त्यातला?" बाईंनी विचारलं.

"सगळेच काळे."

काकांना दुकान आठवलं. खिडकीकडे तोंड करून शेड बघू नका, उजेड मागून आला की सगळे रंग काळेच दिसतात, हे त्यांनी एकेचाळीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावलं होतं. आणि आकाश म्हणजे तर नुसती खिडकीच. आता ही माणसं आपल्याला हसणार आणि एकेक करून घरी जाणार, असं वाटून त्यांनी मान खाली केली.

कोणी हसत नव्हतं. सिस्टर डोळ्यांवर हात धरून बघत होत्या. बाई चष्मेवाल्यांना म्हणत होत्या, "बघा, तुमच्या पोपटीने माझा पिवळा घालवला." सेक्रेटरी ठामपणे सांगत होते की मधला भाग जरा उजळ दिसतोय. काका एकेका चेहऱ्याकडे बघत राहिले. काकांसाठी इतकी माणसं एका जागी जमली होती ती काकू गेल्या त्या दिवशी. त्यानंतर आजच. त्यांना भरून आलं, आणि भरून येताना अंगठा रिमोटच्या दांड्यावर तसाच दाबलेला राहिला.

"काका, तो चालला!"

काकांनी वर बघितलं तेव्हा एक काळा ठिपका इमारतीवरून पलीकडे जात होता. मग तोही दिसेना.

बावीस जणांनी पाहिलं, ड्रोन इमारतीच्या पलीकडे गेला. तेव्हा पलीकडेच शोधायचं. सेक्रेटरींनी नकाशा काढला, तुकड्या पाडल्या. रोज संध्याकाळी पाच वाजता जमायचं. पाचची वेळ सिस्टरनी सुचवली, कारण त्या दिवसभर झोपून चारला उठत आणि सातला कामावर निघत. "मधले तीन तास मी नुसती खिडकीत बसते," त्या म्हणाल्या. "त्यापेक्षा शोधलेलं बरं."

रविवारी शोधला, नाही सापडला. सगळे काकांकडे चहाला आले. काकांनी वरच्या फळीवरचे, दीड वर्षं न काढलेले सहा कप काढून धुतले. सोमवारी तेही पुरले नाहीत.

मंगळवारी सकाळी काका चादर वाळत घालायला गच्चीवर गेले. दार उघडलं आणि समोर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, ड्रोन. पिवळा, पोपटी, गुलाबी, नारिंगी, मधे पांढरा. एक पंखा मोडलेला, बाकी धडधाकट. दारातूनच दिसला. पलीकडे गेला असं खालून नुसतं वाटलं होतं. काखेत कळसा म्हणतात तो हा.

काकांना आधी आनंद झाला. "सापडला!" असं ओरडायला ते कठड्यापाशी गेलेसुद्धा. मग त्यांना सहा कप आठवले. सापडला म्हणजे पाचला कोणी यायचं कारण नाही. एक दिवस सगळे म्हणणार, वा वा, छान झालं, आणि दारं लागणार. ज्या माणसाने जन्मात कोणाला चुकीची शेड दिली नाही, त्या माणसाने इकडेतिकडे बघितलं, कोपऱ्यातली सिमेंटची रिकामी गोणी उचलली आणि ड्रोनवर टाकली. राखाडी गच्चीवर राखाडी गोणी. आता दहा पावलांवरूनही काही दिसत नव्हतं. रंगाची एवढी अचूक निवड काकांनी दुकानातही कधी केली नव्हती.

"मिळाला का हो काही पत्ता?" खाली चष्मेवाल्यांनी विचारलं.

"छे, अजून नाही," काका म्हणाले, आणि त्यांचे कान लाल झाले.

शोध जोरात चालू राहिला. ड्रोन सोडून सगळं सापडत होतं. झुडपांत सेक्रेटरींचा गेल्या वर्षी हरवलेला किल्ल्यांचा जुडगा मिळाला. बाईंच्या गाडीवरून उडालेली शिकाऊची पाटी मिळाली. चष्मेवाल्यांना एक चष्मा मिळाला, आणि त्यांनी तो नंबरावरून ओळखून मालकाला घरपोच दिला. काका रोज सगळ्यात पुढे, काठीने गवत बाजूला करत. मनात इतकं खात होतं की ते इतरांपेक्षा दुप्पट मेहनतीने शोधत.

मुलाने मध्येच गुरुवारी फोन केला. "बाबा, सेक्रेटरींचा मेसेज आला. जाऊ दे, मी नवीन पाठवतो."

"अजिबात पाठवू नकोस."

"अहो, पण तुम्ही दिवसभर एकटे..."

"हे बघ, पाच वाजायला आले, लोक खाली थांबलेत. ठेवतो मी." आयुष्यात पहिल्यांदा काकांनी मुलाचा फोन आधी ठेवला.

शुक्रवारी सेक्रेटरींनी नकाशा पसरला. सगळ्या चौकटींवर फुल्या झाल्या होत्या.

"आता फक्त गच्ची राहिली," ते म्हणाले. "तसं तिथे असायचं कारण नाही, पण यादीत आहे. चला, सगळेच वर जाऊ."

काका जिन्याच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. "गच्ची..." ते म्हणाले, "गच्ची मी बघितली."

"नीट बघितलीत? टाकीमागे?"

काकांना पुढचं खोटं बोलता येईना. सेक्रेटरी जिन्याकडे वळलेसुद्धा.

"मी बघितली ना," सिस्टर म्हणाल्या. "रोज युनिफॉर्म तिथेच वाळत घालते मी, टाकीपाशी. काही नाही तिथे. त्यापेक्षा शाळेच्या भिंतीकडची बाजू पुन्हा एकदा बघू, तिथे आपण घाई केली."

सेक्रेटरींनी गच्चीच्या चौकटीवर फुली मारली. सगळे शाळेच्या भिंतीकडे गेले, तासभर शोधलं, दोन चेंडू मिळाले. मग काकांकडे चहा झाला. सगळे गेल्यावर सिस्टर कामावर निघायच्या आधी कप विसळायला थांबल्या. काका बाजूला फडका घेऊन उभे होते. विचारावं की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"काका," सिस्टर नळाकडे बघत म्हणाल्या, "ती गोणी वाऱ्याने उडत होती. बुधवारी तर पार बाजूलाच झाली होती, लांबून सगळं दिसत होतं. मी तिच्यावर दोन विटा ठेवल्यात."

काकांच्या हातातला फडका तसाच राहिला.

"पण ठेवताना जरा जोरात बसल्या. खाली कडकन आवाज आला. दोन हात तरी गेले असतील. सॉरी हं."

काकांनी त्यांच्या हातातला कप घेतला, पुसला आणि खालच्या फळीवर, हाताशी राहील असा ठेवला.

"जाऊ द्या हो सिस्टर," ते म्हणाले. "उडवायचाय कोणाला."