डॉलर लावायचा राहिला

गोदामातल्या कारकुनाने ठरवले, रविवारच्या जेवणाची आमंत्रणे कॉम्प्युटरवर करायची. तोंडाने बोलावले असते तर पुढचे काहीच घडले नसते. पण माणूस नवीन काही शिकला की ते दाखवल्यावाचून त्याला राहवत नाही. (हा तर अजून पुरता शिकलाही नव्हता.)

जेवण बायकोच्या भावासाठी होते. तिची आई गेली तेव्हा हा दादा उशिरा पोचला. तेव्हा बायको त्याला बोलून गेली, "माझ्या दारात पुन्हा पाय ठेवू नकोस." त्याने ठेवला नाही. माहेरचे म्हणावे असे तिला तेवढेच एक माणूस उरले होते. एकटा आला तर अवघडेल, म्हणून नवऱ्याची आत्या आणि गोदामाचे साहेब यांनाही बोलवायचे ठरले.

"नीट लिहा," बायको म्हणाली. "एक शब्द इकडचा तिकडे झाला तर दादा कायमचा जाईल."

"शब्द कसा हलेल? फॉर्म्युला आहे तो."

कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात एका रकान्यात त्याने नावे लिहिली. शेजारी मजकूर: 'रविवारी संध्याकाळी घरी या. तुमच्यासाठी अमुक तयार आहे. नाही म्हणू नका.' अमुकच्या जागी एका चौकटीचा पत्ता दिला. त्या चौकटीत लिहिले होते 'गरम जेवण'; तेच शब्द निरोपात आपोआप येणार होते. पहिले नाव चाचणी म्हणून त्याने स्वतःचेच घातले. मग कोपरा धरून फॉर्म्युला खालपर्यंत ओढला. रकाना अरुंद होता, त्यामुळे सगळीकडे 'रविवारी संध्याकाळी' एवढेच दिसत होते. स्वतःला आलेला निरोप त्याने वाचला. झकास होता. बाकीचे न वाचता धाडून दिले.

आणि माणसे बदलली.

आत्याला फोन लावला तर पलीकडून नुसता श्वास ऐकू आला.

"आत्या, येतेस ना?"

श्वास थांबला. मग फोनच बंद झाला.

गोदामात उंच थप्प्यांमधल्या बोळातून साहेब नेहमी पुढे चालत. आता म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे." अंधाऱ्या बोळात मागून पावले वाजत होती. हा थांबला की तीही थांबत. त्याने वळून पाहिले. साहेब थप्पीला पाठ लावून उभे होते.

"साहेब, रविवारचं लक्षात आहे ना?"

"मला बायकामुलं आहेत," साहेब हळूच म्हणाले.

"मग त्यांनाही आणा की."

साहेब पाठ न वळवता मागे मागे सरकत बोळाबाहेर गेले.

दादाकडून उत्तर आलेच नाही. बायको फोन हाताशी घेऊन बसे. मधूनच नवऱ्याकडे बघत असे. त्याला ती नजर सोसवेना.

रविवारी ताटे मांडली. कोणी आले नाही. उजेड मावळत गेला. भांड्यांवरची वाफ विरली आणि घर इतके शांत झाले की नळाचा थेंब पडला तरी दोघे दचकत.

"फाटकाशी कोणीतरी उभं आहे," बायको म्हणाली.

खरेच होते. एक माणूस, न हलता, एकेका खिडकीकडे बघत.

"दादा," ती कुजबुजली.

दादा आत आला, पण बसला नाही. आतल्या खोलीत पलंगावर नवी कोरी पांढरी चादर अंथरलेली होती. ती दिसताच त्याने दाराची कडी घट्ट धरली.

"बाळ, बॅग भर. चल माझ्याबरोबर."

"अरे, जेवण तरी..."

"हा माणूस ठीक नाही." त्याने फोन पुढे केला.

तिने वाचले, "तुमच्यासाठी पांढरी चादर तयार आहे. नाही म्हणू नका."

कारकून कॉम्प्युटरकडे धावला. रकाना रुंद केला आणि डोके धरून बसला. 'गरम जेवण'च्या खालच्या चौकटींत बायकोने सांगितलेली बाजाराची खरेदी होती: उंदराचं औषध, जाड दोर, पांढरी चादर. फॉर्म्युला एक ओळ खाली सरकला की त्यातला पत्ताही एक ओळ खाली सरकतो. त्याला जागच्या जागी बांधून ठेवायचे तर डॉलरचे चिन्ह लावावे लागते.

"डॉलर राहिला," तो पुटपुटला.

"म्हणजे हे पैशांसाठी होतं?" दादाने विचारले.

"नाही हो. डॉलर लावला असता तर सगळ्यांना सारखंच मिळालं असतं."

"सगळ्यांना?"

"तर काय. आता आत्याला उंदराचं औषध गेलं, साहेबांना दोर गेला."

दादा मटकन खुर्चीत बसला. "आत्या आहेत का अजून?"

"फोनवर श्वास तरी चालू होता."

बायको हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आले. सगळा घोटाळा तिने भावाला समजावून सांगितला. मग म्हणाली, "हे वाचूनही तू आलास?"

"तू इथे होतीस ना," दादा म्हणाला.

तिने जेवण पुन्हा गरम केले. बहीणभाऊ शेजारी बसले. दादाने मात्र ताटाला हात लावला नाही.

"आधी भावोजी," तो म्हणाला.

भावोजींनी प्रत्येक भांड्यातले चाखून दाखवले. पाणीसुद्धा.

आता दादा दर रविवारी येतो. बहिणीला या माणसापाशी एकटे ठेवायला त्याचे मन घेत नाही. भावोजी आधी चाखतात, मग तो जेवतो. एरवी घरात नवराबायको दोघेच असतात. पण हल्ली तीही हात ताटाशी थांबवून नवऱ्याच्या गळ्याकडे बघत राहते. घास उतरला की थोडा वेळ जाऊ देते आणि मगच जेवायला लागते.