हिवताप: जिवंत देखाव्यासह

रोग हटवायचा तर तो लोकांना आधी नीट दाखवावा लागतो, याबद्दल सुज्ञांत दुमत नाही. आमचा भाग हिवतापमुक्त जाहीर झाला आणि दाखवायला रोगच उरला नाही. हिवताप कार्यालय बंद पडायची वेळ आली, तेव्हा साहेबांनी प्रदर्शन काढलं. अशा वेळी साहेबांचं डोकं फार चालतं.

दारातच जगाचा नकाशा. दरवर्षी पंचवीस कोटींच्या आसपास लोकांना हिवताप होतो, सहा लाखांच्या आसपास माणसं दगावतात, आणि त्यांत बहुतेक पाच वर्षांखालची पोरं असतात. (हे बारीक अक्षरात आहे. ठळक अक्षरं साहेबांच्या नावाला लागली.) पुढच्या टेबलावर डासाचं जीवनचक्र: अंडी, अळ्या, कोष आणि जाळीच्या पेटीत जिवंत डास. चावते ती मादी, कारण अंडी घालायला तिला रक्त लागतं. म्हणून आमचे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणतात, रोज जेवणाच्या सुट्टीत पेटीत हात घालून बसत. मामा कशालाच नाही म्हणत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण.

मग काचेच्या कपाटात गोळ्या, कुलूपबंद. आणि शेवटी खाट.

खाटेवर खरा रुग्ण हवा, असा साहेबांचा आग्रह. बाहेरगावाहून एक गवंडी आणला. माणूस कामसू, पेटीत त्यानेही आपणहून हात घातला. पण त्याचा ताप एक दिवसाआड यायचा आणि प्रदर्शन तर रोज. अशा माणसावर विसंबून कार्यालय चालत नाही. त्याला परत पाठवलं (गोळ्या द्यायच्या राहून गेल्या) आणि खाटेवर मामा आले.

आधी थंडी, मग ताप, मग घाम. दात वाजवायचे मामा, कपाळावर पाणी शिंपडायचे साहेब. सुरुवातीला लोक जांभया देत. तिसऱ्या आठवड्यात मात्र मामांचं काम एकदम उठावदार झालं. थंडीत खाट जागची हलू लागली, पाणी शिंपडावंच लागेना. उणीव एकच, सातत्य नव्हतं.

"परवा काय बहार केलीत, मामा," साहेब म्हणाले. "काल अगदीच पडेल. मन लागत नाही का?"

"साहेब, परवा मी काही केलंच नाही," मामा म्हणाले.

असा विनय हल्ली कुठे बघायला मिळतो?

दुपारी मामी डबा घेऊन आली. तिने नवऱ्याच्या कपाळाला हात लावला आणि तडक साहेबांकडे गेली.

"ह्यांना हिवताप झालाय. त्या कपाटातल्या गोळ्या द्या."

"कसा होईल?" साहेबांनी शांतपणे समजावलं. "आपला भाग मुक्त आहे. आणि गोळ्या दिल्या तर कपाट रिकामं नाही का दिसणार?"

"मग रक्त तरी तपासा."

सूक्ष्मदर्शक प्रदर्शनात मांडला होता आणि त्याखाली छापील चित्र चिकटवलं होतं. मामीने कपाटावर डबा आपटला. काच तडकलीसुद्धा नाही (खरेदीत साहेबांनी कसूर ठेवली नव्हती). मामा तोवर बरळायला लागले होते, बायकोलाही ओळखेनात. ही अवस्था कार्यक्रमात नव्हती, तरी आम्ही ती विनामूल्य दाखवली.

मामी लोकांकडे वळली. "अहो, कुणीतरी ती काच फोडा. माझा माणूस हातचा चाललाय."

सभागृह हेलावलं. टाळ्या थांबेनात. एक गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, नवऱ्यापेक्षा बायकोचं काम सरस आहे. साहेबांनी मामीला तिथल्या तिथे रोजचे दोन खेळ देऊ केले.

आपण तिथे नव्हता, पण इथवर हसत आलात, म्हणजे प्रदर्शन पाहिल्यात जमा आहे. काच अजून शाबूत आहे. वाचता वाचता घोट्यावर काही चावलं असेल तर घाबरू नका, पेटीची जाळी जरा फाटली आहे. फक्त आपली उंची कळवून ठेवा. खाट लवकरच रिकामी होईल.