कासमचाचांची नोंद

"सेक्रेटरीसाहेब, मी पनवेलला चाललो. नोंद घ्या."

दारात कासमचाचा. डोक्यावर गोल टोपी, हातात छत्री, पायांत चकचकीत पॉलिश केलेले बूट. मी तोंडात ब्रश घेऊन उभा. आमच्या नावड्याच्या वसाहतीपासून पनवेल काही फार लांब नाही, आणि चाचा तिथे चालले होते ते चष्म्याची दांडी बसवायला. पण खबर दिल्याशिवाय ते इमारतीच्या फाटकाबाहेर पाऊल टाकत नसत. परत आले की पुन्हा बेल. "आलो. नोंद घ्या."

मी कुठेच नोंद घेत नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. परदेशी माणसाची नोंद सोसायटीच्या सेक्रेटरीने कशात घ्यायची असते हे मला माहीत नव्हतं आणि कुणाला विचारायची लाज वाटत होती. मी नुसतं "बरं" म्हणायचो. मग दिवसभर ऑफिसात मला वाटत राहायचं, आपण सरकारला फसवतोय. आमची ही मात्र स्वयंपाकघरातून खुशाल ओरडायची, "लवकर या हो, चाचा!" तिला कसलंच टेन्शन नसे. ती हाक ऐकली की चाचा मान डोलवत आणि मगच जिना उतरायला लागत.

हो, कासमचाचा परदेशी होते. त्यांचे वडील तळोज्याजवळच्या खाडीकाठचे. जहाजावर सुतार म्हणून गेले, मोंबासाला उतरले आणि तिथलेच झाले. चाचांचा जन्म तिथला, पोस्टातली नोकरी तिथली, पासपोर्ट केनियाचा. बायको मात्र वडिलांच्या गावातली. जुलेखाचाचीने इतकी वर्षं तिकडे काढली, पण आपला हिंदुस्थानी पासपोर्ट काही सोडला नाही. नवरा रिटायर झाल्यावर ती म्हणाली, आता माझ्या गावाजवळ राहायचं. म्हणून दोघं नावड्यात. वसाहतीतली सगळी पोरं परदेशी जाण्यासाठी पासपोर्टच्या मागे लागलेली, आणि हा माणूस परदेशातून निघून कारखान्यांच्या वासात राहायला आलेला! कुणी विचारलंच तर चाचा म्हणत, "भासा हितली, मानूस हितला. कागद तेवढा तिकडचा."

त्या कागदाचा मान ते फार ठेवत. एकदा पाण्याच्या टाकीवरून सोसायटीची मीटिंग भरली. नवीन पंप घ्यायचा की जुनाच दुरुस्त करायचा? चाचांच्या नळालाही आठवडाभर पाणी नव्हतं. मी म्हटलं, "चाचा, हात वर करा." ते खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "परदेशी मानसानं देशाच्या अंतर्गत कारभारात पडू नये." आणि दोन बादल्या उचलून खालच्या नळावर गेले.

तळमजल्यावरच्या दोन बायकांचं वाळत घातलेल्या पापडांवरून भांडण झालं, तेव्हा साक्षीदार एकटे चाचा. पण ते एक शब्द बोलले नाहीत. "तुमचा अंतर्गत मामला." निवडणुकीच्या दिवशी मात्र नवा सदरा घालून फाटकाशी खुर्ची टाकून बसायचे आणि मत देऊन येणाऱ्या प्रत्येकाचं बोट बघायचे. "मला हक्क नाय. पन शाई बघायला बंदी नाय." कुणाचं बोट कोरं दिसलं की त्याला परत पाठवायचे. कुणी घाई केली की त्यांचा तिकडचा शब्द ठरलेला, "पोले पोले." म्हणजे सावकाश, सावकाश.

जुलेखाचाची गेली, त्यानंतर थोड्याच दिवसांनी चाचा पहिल्यांदा माझ्या दारात आले. म्हणाले, "आता मी एकटा परदेशी. एकट्याचा नियम वेगळा असतो. ये-जा कळवावी लागते. तुमी सेक्रेटरी, तुमाला कळवनार." पोस्टातला माणूस, नियम त्यालाच माहीत असणार. मी मान हलवली. तेव्हापासून ती रोजची बेल. कधीकधी बेल वाजली की मी हिला खुणेने सांगायचो, मी आंघोळीला गेलोय म्हण. कोरड्या अंगाने न्हाणीघरात उभा राहायचो आणि मनातल्या मनात माफी मागायचो.

दर वर्षी चाचांना राहण्याची मुदत वाढवून घ्यावी लागे. त्या वर्षी ते म्हणाले, "यंदा सोबत या. ती असायची."

ऑफिसात रजा टाकून गेलो. पहिल्या कचेरीत कळलं, नावडं आमच्या हद्दीत नाही. दुसरीकडे कळलं, नावडं हद्दीत आहे, पण परदेशी माणूस नाही. नावडं आणि परदेशी माणूस दोन्ही ज्यांच्या हद्दीत होते, त्या तिसऱ्या कचेरीच्या बाकावर आम्ही बसलो तेव्हा मला आपण स्वतः कोणत्या जिल्ह्यात राहतो हेही धड सांगता आलं नसतं.

आता, मी गोरा आहे. डोळे घारे. त्यात सरकारी कचेरीत शिरलो की चेहरा आपोआप गुन्हेगारासारखा होतो. हवालदार सरळ माझ्यासमोर आला.

"पासपोर्ट?"

"माझ्याकडे नाही."

"हरवला?"

"नाही. काढलाच नाही."

"मग इंडियात आलात कसे?"

"एसटीने," मी खरं तेच सांगितलं. "रत्नागिरीहून."

"नाव?"

"आठल्ये."

"हे कुठलं नाव? स्पेलिंग सांगा."

मी खिसे चाचपले. रेशनकार्ड घरी. खिशात फक्त कंपनीच्या बसचा पास, त्यावरचा फोटो घामाने उडालेला. मी हिंदुस्थानी आहे हे सिद्ध करणारं माझ्याजवळ काहीही नव्हतं. चाचा शांतपणे उठले.

"हवालदारसाहेब, यांना मी वळखतो. आमच्याच बिल्डिंगीत ऱ्हातात. हितलेच हायत. मानूस चांगला हाय, जरा घाबरतो."

"बरं. आणि तुम्ही कोण? एजंट?"

"मी परदेशी."

हवालदाराने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "म्हणजे हे इंडियन, आणि तुम्ही फॉरेनर? नक्की?"

चाचा "नक्की" म्हणाले. त्या क्षणी मला तितकंसं नक्की वाटत नव्हतं.

आत एक अधिकारी बाई होत्या. त्यांनी जुने कागद उलटले. "आत्तापर्यंत राहण्याचं कारण पत्नी होतं. यंदा काय लिहू?"

चाचांनी छत्री मांडीवर आडवी घेतली. म्हणाले, "कारन तेच हाय, बाई. आता गावच्या कबरस्तानात हाय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "चाचा, कायद्यात तसं बसत नाही. वडील इथले होते याचा काही दाखला?"

"होता. खाडीचं पानी घरात शिरलं तवा गेला."

"मग परत केनियात? तिकडे कोण आहे?"

"कोन नाय."

"इथे कोण आहे? तुमची खबर ठेवणारं, जबाबदारी घेणारं?"

मी सख्ख्या मावसभावाच्या कर्जालाही कधी जामीन राहिलेलो नाही. पण "मी" हा शब्द खोलीत ऐकू आला, आणि तो माझ्या आवाजात होता.

"तुम्ही यांचे कोण?"

"सेक्रेटरी."

बाईंना हसू आलं असावं. "उद्या हे महिनाभर कुठे निघून गेले, तर तुम्हाला कळणार कसं?"

"महिनाभर? अहो, हे चष्म्याची दांडी बसवायला गेले तरी मला कळतं!" मग मी सगळंच सांगून टाकलं. जाताना सांगतात, येताना सांगतात, एक दिवस चुकत नाहीत. नोंद मी ठेवत नाही, हेही सांगितलं. मला ते ओझं झालं होतं. "नियम आहे ना तो, एकट्या परदेशी माणसाने सोसायटीच्या सेक्रेटरीला..."

"असा काही नियम नाही," बाई म्हणाल्या.

मी चाचांकडे पाहिलं. ते छत्रीची मूठ रुमालाने पुसत होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कागदावर काहीतरी लिहिलं. कारणाच्या जागी काय लिहिलं ते मला वाचता आलं नाही, आजही माहीत नाही. शिक्का उठला. "एक वर्ष. पुढच्या खेपेला यांनाच घेऊन या."

बाहेर टपरीवर चहा घेतला. मी विचारलं, "चाचा, नियम नाही हे तुम्हाला माहीत होतं?"

"पोस्टात जनम काढला. मला नसंल माहीत?"

"मग?"

त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली. "ती होती तवर निघताना मी सांगायचो, ती आतून वरडायची. ती गेल्यावर चार दिवस भिंतीला सांगून बघितलं." एक घोट घेतला. "भिंत काय 'लवकर या' म्हनत नाय. तुमची बायको म्हनते."

मी दुसरा चहा सांगितला.

पण त्यानंतर आमची बेल वाजेनाशी झाली. खोटं उघडं पडल्याची लाज असावी. बूट हातात घेऊन चाचा आमच्या दारावरून जाताना मी एकदा दरवाज्याच्या फटीतून पाहिले. ही विचारायला लागली, "चाचा रागावलेत का आपल्यावर?" मुदत मिळाली होती, आणि माणूस मात्र जास्तच एकटा पडला होता. माझ्या त्या प्रामाणिकपणामुळे.

एका सकाळी डबा घेऊन निघालो, तो खाली उतरायच्या ऐवजी एक मजला वर चढलो आणि चाचांची बेल वाजवली.

"चाचा, मी महाप्याला चाललो, ऑफिसला. नोंद घ्या."

ते बघतच राहिले. मग सदऱ्याचं वरचं बटण लावून ताठ उभे राहिले.

"कारन?"

"नोकरी."

"परत कवा?"

"सहापर्यंत."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, माझ्या डब्याकडे पाहिलं. दार अर्धं लोटलं, आणि मग आतून आवाज आला.

"लवकर या, सेक्रेटरीसाहेब."

त्या दिवशी ऑफिसात ओव्हरटाइम होता. मी घेतला नाही.