इंग्रजीतील काळ, सोप्या भाषेत

‘इंग्रजी अभिजात साहित्यातील काळाचा विचार’ या विषयावर मनमोहन त्रिलोकेकरांनी बेचाळीस पानं लिहून काढली आणि फणसवाडीतल्या घरात पत्नीला, सुमतीबाईंना, दोनदा वाचून दाखवली. निवृत्त झाल्यापासूनचं त्यांचं हे पहिलंच व्याख्यान. दहा माणसं आली तरी पुष्कळ, असं ते धरून चालले होते. कॉलेजात शेवटच्या वर्षी त्यांच्या वर्गात चारच विद्यार्थी होते, त्यातला एक चुकून आलेला.

शनिवारी संध्याकाळी लालबागच्या वाचनालयात पोचले तर दारातच चपलांचा ढीग. आत दीडशे माणसं. चिटणीस जयवंत शेजारच्या मंडळातून खुर्च्या मागवत होते. त्रिलोकेकरांचा ऊर भरून आला. या भागाला आपण उगाच कमी लेखलं, असं वाटून त्यांना थोडी लाजही वाटली.

“इंग्रज कवींना काळ हा चोर वाटला,” त्यांनी सुरुवात केली. “रूप, तारुण्य, सगळं तो हळूच चोरून नेतो.”

लोक वह्यांत भराभर लिहून घेऊ लागले. पुढच्या रांगेतल्या राजरत्न नावाच्या तरुणाने हात वर केला.

“सर, हा चोर पास्टमध्ये चोरतो की प्रेझेंटमध्ये?”

“नेहमीच चोरतो.”

“म्हणजे सिंपल प्रेझेंट. मग स्टीलला एस लागणार ना?”

त्रिलोकेकरांनी जयवंतांकडे पाहिलं. जयवंत जवळ येऊन कानात म्हणाले, “सर, विषय लांबलचक होता, फळ्यावर मावेना. म्हणून ‘इंग्रजीतील काळ, सोप्या भाषेत’ एवढंच लिहिलं. कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला. पार शीवपर्यंत गेलाय.”

“आणि सोप्या भाषेत कुठून आलं?”

“जागा उरली होती.”

त्रिलोकेकरांनी घसा साफ केला. “मंडळी, गैरसमज झालाय. मी व्याकरण शिकवायला आलेलो नाही.”

कुणीच उठलं नाही. तिसऱ्या रांगेतून साठीच्या एक बाई मात्र उभ्या राहिल्या.

“मी मालन. बीडीडी चाळीतून आलेय, वरळीहून. एकच विचारते नि जाते. माझे मिस्टर वारले त्याला तीन वर्षं झाली. नातीच्या शाळेत मॅडम इंग्रजीत विचारतात, आजोबा काय करतात? माझ्या तोंडून ‘ही इज इन पोस्ट ऑफिस’ असंच येतं. वॉज म्हणायचं असतं, माहितेय मला. पण जीभ वळत नाही. ते कसं बसवायचं?”

एकतिसाव्या पानावर त्रिलोकेकरांनी हेच लिहिलं होतं, फक्त फार जड शब्दांत. त्यांनी कागद मिटले.

“बाई, मोठमोठ्या लेखकांनी याच्यावर जाडजाड पुस्तकं लिहिली. त्यांनाही ते नीट बसवता आलेलं नाही.”

“मग मी काय बोलू?”

“शाळेत वॉज. घरी इज.”

मालनताईंनी ते वहीत लिहून घेतलं आणि त्या परत खाली बसल्या. त्रिलोकेकरांनी जयवंतांकडे खडू मागितला.

ते घरी आले तेव्हा त्यांच्या सदऱ्यावर खडूचे पांढरे हात उमटले होते.

“पुढच्या शनिवारी परत बोलावलंय,” ते म्हणाले.

“आता कशावर?” सुमतीबाईंनी विचारलं.

“प्रीपोझिशन.”

“व्याकरण म्हणजे कारकुनी, असं जन्मभर तुम्हीच म्हणत आलात.”

“हो, पण इन आणि ॲटमध्ये लोकांची फार अडचण होते गं,” त्रिलोकेकर कळवळून म्हणाले.