चेनमन कोंडबाभाऊंची चटईवीण

तेलंगणातल्या नार्नूरला आमच्या गल्लीत थंडी पडल्याची बातमी सगळ्यात आधी बकरी देते. बुरडाच्या टोपलीसारखी विणलेली, खाकी-हिरव्या लोकरीची झूल अंगावर घेऊन ती रस्त्यावर आली, की आम्ही समजतो, कोंडबाभाऊंनी पेटीतून लोकर काढली.

झूल त्यांचीच. बकरी मात्र त्यांची नाही, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याची. त्याला विचारायचीही तसदी कोंडबाभाऊंनी घेतली नव्हती. तो भांडायला आला तेव्हा म्हणाले, "बकरीनं दरखास्त केली, आमी मंजूर केली. तुमी काऊन मधात पडून राह्यले?"

कोंडबाभाऊ मोजणी खात्यातले निवृत्त चेनमन. सर्वेअर कागदावर रेघ ओढतो. चेनमन उन्हातान्हात, ढेकळांतून लोखंडी साखळी ओढतो. ती त्यांनी तीसेक वर्षं ओढली. उंच, काटकुळा माणूस, मिशा पांढऱ्या, आणि शर्टाच्या खिशाला लोक पेन लावतात तिथे क्रोशाची सुई. कचेरीत राहून बोली अशी झाली, की घरातली साधी गोष्टही पंचनाम्याच्या थाटात निघते. चहात साखर कमी पडली तर म्हणतात, "साखर मौक्यावर हजर नाई." शांतावहिनी चुलीपासून न हलता उत्तर देतात, "मंग दुसऱ्या मौक्यावर जाऊन प्या."

हा माणूस विणायला लागला तो पाय मोडला म्हणून. निवृत्तीला दोन वर्षं असताना ते बांधावरून पडले आणि आदिलाबादच्या एका दवाखान्यात दीड महिना पाय टांगून राहिले. करायला काही नाही, तर पडल्या पडल्या खाटांमधलं अंतर नजरेनं मोजायचे. "सात नंबरची खाट आठ नंबरच्या हद्दीत वीतभर घुसून राह्यली," असं त्यांनी जाहीर केलं. आठवड्याभरात सातवाला आणि आठवाला खरोखरच भांडले. शेवटी केरळातून आलेल्या एका नर्सबाईंनी त्यांच्या हातात सुई आणि लोकरीचा गुंडा ठेवला आणि हिंदीत बजावलं, "बाबा, मुँह बंद, हाथ चालू."

बाईंनी आधी साखळी शिकवली. "साखळी म्हनल्यावर आपल्याले कोन शिकवते?" असं म्हणत कोंडबाभाऊंनी खाटेवरून जमिनीवर, जमिनीवरून दारापर्यंत जाईल इतकी साखळी घातली. मग बाईंनी खांब, म्हणजे उभा टाका, शिकवला, आणि मग ही चटईची वीण. तिच्यात सुई खांबाच्या डोक्यात घालत नाहीत, खालच्या ओळीतल्या खांबाच्या कमरेला वेढा देतात. चार खांब पुढून, चार मागून. दोन ओळी अशा झाल्या की उलटं करायचं, पुढचे मागे आणि मागचे पुढे. मग पुढचे उठून दिसतात, मागचे दबतात आणि लोकरीची टोपली विणल्यासारखी दिसते. जाड होते, ऊबदार होते, आणि लोकर अशी खाते की शांतावहिनी तिला 'खादाड वीण' म्हणतात.

बाईंनी एवढीच वीण शिकवली. कोंडबाभाऊंनी दुसरी शिकायचं साफ नाकारलं. माझ्या बायकोनं, सुनंदानं, त्यांना एकदा फुलांची नक्षी दाखवली. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "हे शिवार नाई वैनी, हा बगीचा हाय. आपलं काम वावरात."

त्या एका विणीत त्यांनी काय काय गुंडाळलं! कुकर, मोटारसायकलची सीट, पाण्याचा माठ, वहिनींचा मोबाइल. मोबाइलचं कव्हर इतकं जाड, की लेकीचा फोन आला की वहिनी आधी पाच मिनिटं तो सोलत बसायच्या. समोरची तेलुगू पोरं त्यांना 'उन्नी ताता' म्हणतात, म्हणजे लोकरआजोबा.

मी शिक्षक आहे. आमच्या शाळेत घंटा म्हणून रुळाचा एक तुकडा टांगलेला आहे. एका सोमवारी शिपायानं दणादण टोले दिले, तर आवाज आला भद्द, भद्द, जणू कुणी गादी बडवतंय. रुळाला गळ्यापासून पायापर्यंत झगा! मुलं मैदानातच. पहिला तास तसाच गेला. हेडमास्तर तणतणत कोंडबाभाऊंच्या घरी गेले.

"लोखंडाले थंडी वाजत नाई का, साहेब?" कोंडबाभाऊंनी उलट विचारलं. "हात लावून पाहा सकाळी सकाळी."

हेडमास्तर झगा जप्त करून परतले. पुढे तो त्यांच्या स्कूटरच्या सीटवर दिसला.

आमच्या घरी पांघरूण हवं होतं तेव्हा ते आम्हा दोघांची रीतसर मोजणी करायला आले. आम्हाला सतरंजीवर झोपवलं, टेप लावला, वहीत लिहिलं. पांघरूण आलं तर बरोबर मधोमध लाल लोकरीची रेघ!

"हे काय, भाऊ?"

"हद्द. नवराबायकोत पांघरुनाचा तंटा फार. आता ज्यानं वढलं त्यो अतिक्रमनदार."

सुनंदा पहिल्या दिवसापासून अतिक्रमण करते आहे. दोनदा तक्रार केली. "समझोता करा," एवढाच निकाल मिळाला.

मागच्या पौषातल्या एका रविवारी ते सकाळीच दारात उभे. हातात भली मोठी पिशवी.

"सर, गाडी काढा. नेरडीगोंड्याकडे एका गावाले जायचं हाय."

पिशवीत दोन पांघरुणं होती, दोन्ही अगदी सारखी. वाटेत मी विचारत राहिलो, ते हो-नाही करत राहिले. गाव आलं. एका कडुलिंबाखाली त्यांनी गाडी थांबवायला लावली. समोर एकच अंगण होतं, मधून भिंत घालून दोन केलेलं. भिंतीच्या अलीकडे एक म्हातारी उन्हात बसली होती. अंगावर विरलेली चादर.

"सर, तुमी पुढं व्हा."

"मी? मी तर त्यांना ओळखतही नाही!"

कोंडबाभाऊंनी पिशवी छातीशी धरली. मग हळूहळू बोलले. "माही बदली होती इकडं. ह्यांच्या वावराच्या वाटनीची मोजनी मी केली. दोघं भाऊ, ह्या गिरजामायचे लेक, सकाळी एका बैलगाडीत बसून आले होते. दुपारी लाठ्या निघाल्या. तवापासून बोलत नाई. गिरजामाय एक महिना ह्याच्याकडं, एक महिना त्याच्याकडं. ज्याच्या घरचं अंथरून-पांघरून त्याच्याच घरी राह्यते, मायसंगं फक्त तिची चादर. तिची भाची बजारात भेटली, म्हने मायले रात्रभर थंडी वाजते. म्हनून दोन केले. दोन्हीकडं एकेक."

"पण भाऊ, तुमचा काय दोष? तुम्ही नोकरी केलीत."

"दोष नाई. पन साखळीचं एक टोक माह्या हातात होतं ना."

मीच पुढे झालो, ते माझ्या मागून आले.

"कोन व्हय?" म्हातारीनं कपाळावर हात धरला.

"मी, माय. मोजनीवाला."

ती बघत राहिली. इतका वेळ, की मला वाटलं आता काठी उचलते.

"साखळीवाला?"

"व्हय."

"तू त्या दिशी उपाशी गेला."

कोंडबाभाऊंनी पिशवी खाली ठेवली.

"तुमच्या मोजनीवाल्यांसाठी मी भाकरी टाकल्या होत्या. वांग्याची भाजी केली होती. भांडनात कोनी जेवलंच नाई. समदं ढोराईले घातलं." तिनं मान वळवून घरात हाक दिली, "सूनबाई, भाकर आन. पाव्हना जेवाचा राह्यला."

भाकरी आली. म्हातारीनं मग भिंतीकडे तोंड करून धाकट्या सुनेलाही हाक मारली. मग भिंतीवरून बांगड्या भरलेला एक हात आला, हातात ठेच्याची वाटी. थोरलीनं ती पाहिली, पुढे झाली आणि घेतली. वाटी भाकरीशेजारी ठेवली.

कोंडबाभाऊंनी एक पांघरूण पलीकडच्या घरासाठी भिंतीवर ठेवलं आणि दुसरं म्हातारीच्या गुडघ्यांवर टाकलं. ती त्या उंचसखल विणीवरून बोट फिरवत राहिली, खळग्यातून उंचवट्यावर, उंचवट्यावरून खळग्यात.

"हे तं टोपलं हाय रे!"

"व्हय, माय."

"जेव."

ते जेवायला बसले. माठ, कुकर, बकरी, कशाकशावर भाष्य करणारा हा माणूस खाली मान घालून ज्वारीची भाकरी मोडत होता. एक भाकरी संपली तशी म्हातारी म्हणाली, "आनखी एक घे."

त्यांनी डाव्या हाताच्या पाठीनं डोळे पुसले आणि ताट पुढे केलं.